खरवडलेला कंडेन्सर

मधुकरचा मला हेवा वाटतो, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. पुढे कुठे मी त्याचं कौतुक केलेलं दिसलं तर ते दातओठ खाऊन केलेलं आहे असं समजावं. आमच्या मंडळींचं म्हणणं, या वयात माणसाचे गुडघे दुखावेत, पोट नव्हे. माझे गुडघे ठणठणीत आहेत, त्याला मी काय करू?

मी नगरचा. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण तोंडात नगरच येतं. सबंध हयात विजेवर चालणारी वाद्यं दुरुस्त करण्यात गेली. कीबोर्ड, अँप्लिफायर, माईक, कीर्तनकारांच्या पेटीतला तंबोरा, असं सगळं. लोकांना वाटतं हे नाजूक, कलेचं काम असणार. निम्मं काम गुलाल काढायचं असतं. वरातीत उधळलेला गुलाल कीबोर्डच्या पट्ट्यांखाली जाऊन बसतो, घामाने आणि दमट हवेने त्याचा चिखल होतो आणि मग ऐन मांडवात काळी चार दाबली की दाबलेलीच राहते. लग्नाच्या मोसमात संध्याकाळी घरी गेलो की न्हाणीतून गुलाबी पाणी वाहायचं.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. नेवाशाच्या एका महाराजांचा तंबोरा कीर्तनाच्या मध्येच कुरकुर करायचा. उघडला तर आत मुंग्यांची वसाहत. महाराज प्रसादाची साखर त्याच पिशवीत ठेवायचे. पारनेरचा एक ऑर्केस्ट्रावाला होता, त्याने कीबोर्डच्या पट्ट्यांवर बायकोच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. मी यंत्र स्वच्छ करताना त्या सगळ्या टिकल्या स्पिरिटने पुसून काढल्या आणि चकचकीत कीबोर्ड त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तो लालबुंद होऊन आला. "मिस्त्री, माझं गाणं पुसलं तुमी," म्हणाला. लाल टिकली कुठे, हिरवी कुठे, यावरच त्याचं वाजवणं चालायचं. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो की गिऱ्हाइकाची सवय हा यंत्राचाच एक भाग असतो. शिकलो खरा, पण पुढे ती गोष्ट माझ्यावरच उलटली.

मधुकर मूळचा पारनेरचा. आयटीआयमध्ये आम्ही एका बाकावर होतो आणि पुढे दिल्लीगेटच्या अलीकडे एकाच गाळ्यात दोन टेबलं टाकून बसलो. तो मापाचा माणूस. मीटर लावल्याशिवाय तो चहात साखरही घालणार नाही असं मी त्याला चिडवायचो. प्रत्येक यंत्राची मोजमापं तो वहीत उतरवून ठेवायचा. मी कानाचा माणूस. पट्टी दाबायची, ऐकायचं आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचं. माझं काम झटपट व्हायचं, त्यामुळे माझ्या टेबलापुढे गर्दी आणि त्याच्या टेबलापुढे वही. त्या काळात त्याला माझा हेवा वाटत असणार असं मी गृहीत धरलं होतं आणि त्यात मला मोठं सुख होतं.

मग तो पुण्याला गेला, चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकला आणि आता दोन इंजिनिअर हाताशी धरून जुन्या सिंथेसायझरच्या नकला बनवतो. नकला हा माझा शब्द. तो म्हणतो पुनर्निर्मिती.

हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो. पूर्वीचे सिंथेसायझर म्हणजे लाकडी बाजूंचे, दोघांनी उचलायचे धूड. त्यात कॉम्प्युटर नसायचा. आतून खरीखुरी वीज कमीजास्त वाहायची आणि तिचाच आवाज व्हायचा. म्हणून प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा. उन्हात तापलं की बेसूर, थंडीत आळशी. तसली यंत्रं आता मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. मधुकर काय करतो, तर तो त्यातला एकेक भाग मोजतो, तो भाग कसा वागतो त्याचं गणित मांडतो आणि ती सगळी गणितं लॅपटॉपमध्ये एकत्र जोडतो. आवाज टेप करून ठेवलेला नसतो. तुम्ही पट्टी दाबली की लॅपटॉप त्या क्षणी हिशेब करतो की खऱ्या यंत्रात आत्ता वीज कशी वाहिली असती. पडद्यावर यंत्राचं चित्रही असतं, बटणांसकट. काम अचाट आहे, हे मान्य करायला मला तीन वर्षं लागली.

तर असं एक जपानी धूड आमच्या भागात होतं. मालकाचं नाव मी बदलतो, गावही बदलतो. नाव चंदूमास्तर म्हणू, गाव घोडेगाव म्हणू. मास्तरांचा बँड होता. मुंबईच्या एका रेकॉर्डिंगवाल्याने काढून टाकलेलं ते यंत्र त्यांनी आणलं, बँडच्या गाडीवर जनरेटरशेजारी बसवलं आणि साऱ्या तालुक्यात त्यांच्या नावाचा दबदबा झाला. यंत्राची दुरुस्ती माझ्याकडे.

एकदा लग्नाच्या मोसमात एका पट्टीची तार आतून सुटली म्हणून ते आलं. दुसऱ्या दिवशी सुपारी होती, घाई होती. मी मागचं झाकण काढलं आणि रेडिओच्या जाड पत्र्याला वापरतो ती दणकट सोल्डर गन हातात घेतली. यंत्रात काचेसारखा पारदर्शक, करंगळीच्या पेराएवढा एक कंडेन्सर होता. तसला मी आधी पाहिलेला नव्हता. शेजारच्या तारेला गन लावली आणि बघता बघता तो कंडेन्सर मेणासारखा वितळून बसला. मधुकर असता तर त्याने आधी पुस्तक उघडलं असतं, पण तो त्या आठवड्यात पारनेरला होता.

या कंडेन्सरचं काम समजायला सोपं आहे. तो म्हणजे यंत्रातला माठ. तुम्ही जी पट्टी दाबता तिचा सूर किती उंच, तेवढं पाणी त्या माठात भरलं जातं. तुम्ही पट्टी सोडली, आवाज विरत चालला, तरी तो पूर्ण विरेपर्यंत पाणी तेवढंच राहिलं पाहिजे, म्हणजे सूर हलत नाही. असला न पाझरणारा कंडेन्सर तेव्हा नगरमध्येच काय, पुण्यातही मिळाला नसता. मी एका मोडक्या रेडिओतला साधा काढून बसवला आणि ब्लेडने त्याच्यावरचे आकडे खरवडून टाकले. आमच्या धंद्यात ती पद्धतच होती. आपण काय घातलं ते दुसऱ्या मिस्त्रीला कळू नये म्हणून खरवडायचं. मधुकर मात्र कधी खरवडायचा नाही, उलट मला रागवायचा.

मास्तर न्यायला आले तेव्हा मी म्हणालो, "आत काही हात लावायला लागला नाही. सगळा माल ओरिजिनल आहे."

चार दिवसांनी मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे.

"मिस्त्री, मशीनला केलं काय तुमी?"

"काय झालं?"

"रडतंय."

मास्तर आत आले, स्टुलावर बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. "नवरी वाटं लावताना वाजवत हुतो. पट्टी सोडली का सूर असा खाली जातोय, हुंदका दिल्यावानी. नवरीची आई तर ऱ्हाऊ द्या, आमचा ढोलवाला रडला. लई भारी झालंय. पन हे झालं कसं?"

माझा माठ पाझरत होता. पट्टी सोडली की पाणी खाली जायचं आणि विरता विरता सूर ढळायचा. त्याच वेळी खरं सांगून टाकलं असतं तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी तोंड गंभीर केलं आणि म्हणालो, "जुनं यंत्र आहे मास्तर. लोणच्यासारखं मुरतं ते."

मास्तरांना ते पटलं. पुढची कितीतरी वर्षं त्यांचा बँड त्या हुंदक्यावर चालला. लोक लग्नाची तारीख काढताना मास्तर मोकळे आहेत का ते आधी विचारायचे. मी कुठल्याही लग्नात जेवायला बसलो की पाठवणीच्या वेळी कान टवकारायचो आणि मनात म्हणायचो, हे माझं आहे. जिलेबी तिप्पट गोड लागायची.

मग काही वर्षांपूर्वी मधुकरचा फोन आला. त्याच मॉडेलची पुनर्निर्मिती करतोय, पुण्यामुंबईत दोन यंत्रं मोजून झाली, तिसरं मास्तरांचं मोजायचं आहे. मास्तरांनी एक अट घातली की यंत्र मिस्त्रीच उघडतील. झालं, माझ्याच दुकानात, माझ्याच टेबलावर मधुकर लॅपटॉप मांडून बसला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, नाकावर नवा चष्मा. मी झाकण काढलं. तो भिंग घेऊन आत बराच वेळ बघत राहिला, चहा प्यायला आणि वायरी लावून कामाला लागला.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "दत्त्या, पट्टी सोडल्यावर सूर ढळतोय. बाकीच्या दोन यंत्रांत असं नाही. हे कंपनीचंच आहे की कुणी मागाहून केलंय?"

"का रे?"

"मागाहून केलेलं असेल तर काढावं लागेल. आम्ही कंपनीने केलं तसं देतो. दुरुस्तीवाल्यांच्या चुका त्यात घेत नाही."

दुरुस्तीवाल्यांच्या चुका. हे शब्द त्याने माझ्या टेबलावर बसून, माझ्या कपातून चहा पिऊन काढले. माझ्या आत काहीतरी पेटलं. खरं सांगितलं तर माझा हुंदका त्याच्या लॅपटॉपमधून गाळला जाणार आणि मास्तरांपर्यंत बोभाटा होणार, हे एक कारण होतं. दुसरं कारण जास्त खरं आहे. मला वाटलं, जन्मभर मापं घेत आलेल्या या माणसाच्या अचूक कामात माझी एक चूक जाऊन बसू दे. उद्या कुणी जाणकाराने दाखवून दिली तर याची इस्त्री उतरेल.

"कंपनीचंच आहे," मी म्हणालो. "तुझ्या त्या दोन यंत्रांचीच कुणीतरी दुरुस्ती केली असेल. यातलं कधी काही बदललेलंच नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. ते सॉफ्टवेअर बाहेर पडलं आणि लोकांना त्यात सर्वांत जास्त काय आवडलं, तर पट्टी सोडल्यावरचा तो हुंदका. कुठकुठल्या देशातली माणसं इंटरनेटवर लिहू लागली की इतरांच्या नकला निर्जीव वाटतात, यात यंत्राचा प्राण उतरलाय. मधुकरचे फोटो, मधुकरच्या मुलाखती. आमची मंडळी मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणायची, "बघा, भाऊजी किती छान बोलतात." आमच्या जिल्ह्यातल्या बँडवाल्यांनीही आपल्या कीबोर्डला लॅपटॉप जोडून घेतले. मी भाजी आणायला निघालो की समोरून वरात यायची आणि माझी चूक मधुकरच्या नावाने रडत जायची. मी पिशवी घेऊन कडेला उभा. जेवण जाईना. कुणी आपलं पोर पळवलं असतं तर पोलिसात तरी जाता आलं असतं.

शेवटी मला राहवलं नाही. एका दुपारी फोन लावला आणि नमस्कार चमत्कार न करता म्हणालो, "तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये जो हुंदका आहे ना, ती कंपनीची करामत नाही. तो मी बसवलेला भिकार कंडेन्सर आहे. तू जगाला माझी चूक विकतोयस."

तो हबकेल, गयावया करेल, अशी माझी अपेक्षा होती.

"माहीत आहे," मधुकर म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"पहिल्या दिवशी भिंग लावलं तेव्हाच दिसलं. आकडे खरवडलेला कंडेन्सर. सबंध नगर जिल्ह्यात ब्लेड असं तिरकं कोण मारतं ते मला माहीत नाही का?"

"मग काढला का नाहीस?"

"काढून बघितला ना. गणितातून काढला आणि ऐकलं. ऐकवेना, दत्त्या. मोजून मोजून मी बरोबर यंत्र बनवलं होतं, पण ते ऐकवेना. मग परत घातला." तो म्हणाला, "तुझ्या कानाचा मला तेव्हापासून राग आहे. चूक करायचास तीही सुरात."

हे ऐकून मला बरं वाटलं असं लिहायला हवं. दोन मिनिटं वाटलंही. मग मी विचारलं, "एवढं होतं तर माझं नाव का नाही घातलंस?"

"मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, कंपनीचंच आहे."

मीच बोललो होतो, माझ्याच तोंडाने.

"आता लावतो," मधुकर म्हणाला. "नव्या आवृत्तीत त्या हुंदक्यासाठी वेगळं बटण देतोय, कमीजास्त करायला. त्या बटणाला तुझं नाव देतो. पण त्याआधी मास्तरांना सांगून ये. यंत्र त्यांचं आहे. त्यांना बाहेरून कळायला नको."

दुसऱ्याच दिवशी मी घोडेगाव गाठलं. नेमका जनावरांचा बाजार होता, एसटीतून उतरलो तर रस्ताभर म्हशी आणि टेम्पो. मास्तर ओसरीत बाजेवर बसले होते. वय झालेलं, हात थरथरत होते, बँड कधीच बंद केलेला. यंत्र मात्र आतल्या खोलीत शालीखाली झाकून ठेवलेलं. त्यांच्या सुनेने, रेखाने, चहा दिला. मी तोंड उघडायच्या बेतात होतो, तेवढ्यात मास्तरच बोलू लागले.

"मिस्त्री, ते लॅपटॉपवालं ऐकलं का तुमी?"

"ऐकलं."

"हुबेहूब हाय. पोरं दाखवाया आनत्यात." त्यांनी उजवा हात वर धरला आणि बोटांकडे बघितलं. "ती म्हनत्यात कंपनीनं तसंच केल्यालं हुतं. कंपनी काय करती? मला ठावं हाय ना. ते रडनं ह्या बोटाचं हाय. पट्टी कवा सोडायची, किती हळू सोडायची, हे मी धा वर्सं शिकलो. लवकर सोडली तर नुसतं गळतं, उशिरा सोडली तर रडतच न्हाई. तुमच्या मधुकरनं माजं बोट उतरून घेतलंय त्यात."

मी कप खाली ठेवला.

"आता हात ऱ्हायला न्हाई," मास्तर म्हणाले. "पन बोट ऱ्हायलं. लई झालं."

सांगायला गेलो होतो ते वाक्य मी एसटीत पाठ केलं होतं. ते मी गिळून टाकलं. दया आली म्हणून नव्हे. मला एकदम कळलं की माणूस खरं बोलतोय. मी फक्त माठ गळका केला होता. गळक्या माठातून सूर कधी आणि किती ढळू द्यायचा, हे मास्तरांनी शोधून काढलं. माझ्या हाती ते यंत्र कितीदा तरी होतं, पण मला त्यातून एकदाही कुणाला रडवता आलं नाही. पट्टी सोडली की नुसतं गळायचं.

"व्हय मास्तर," मी म्हणालो. "बोट तुमचंच आहे."

घरी येऊन मधुकरला फोन केला. "बटणाला मास्तरांचं नाव दे."

"सांगितलंस त्यांना?"

"नाव दे म्हटलं ना."

मी उदार झालो असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. ती जागा मोकळी राहिली असती तर जगाने ती मधुकरच्याच नावावर चढवली असती आणि ते मला सहन झालं नसतं. माझं नाही तर नाही, पण त्याचंही नको. एवढा कोता विचार होता. मधुकरने मात्र शब्द पाळला. आता पडद्यावर इतर बटणांच्या शेजारी एक छोटं बटण आहे आणि त्यावर देवनागरीत 'मास्तर' लिहिलंय. परदेशातली पोरंही तेच फिरवतात म्हणे.

मास्तर मागच्या उन्हाळ्यात गेले, म्हणून हे लिहायचं धाडस केलं. वराती अजून दुकानावरून जातात. गाडीवरचा वाजवणारा पोरगा लॅपटॉपवाल्याला ओरडून सांगतो, "मास्तर वाढव," आणि हुंदका मोठा होतो. पूर्वी मला एकट्या मधुकरचा हेवा वाटायचा, आता मेलेल्या माणसाचाही वाटतो. हे शोभत नाही, हे मला कळतं.

यंत्र अजून घोडेगावला आहे. रेखाने ते ओसरीत आणून ठेवलंय. बाहेरगावचे वाजवणारे मुद्दाम बघायला येतात, पट्ट्यांना हात लावून कपाळाला लावतात आणि जातात. दिवाळीच्या आधी तिने मला बोलावलं, पट्ट्यांखालची धूळ काढायला. मी झाकण उघडलं. तो कंडेन्सर जागेवर होता, तिरक्या ब्लेडच्या खुणांसकट. आता त्याच्या जागी बसवायचा न पाझरणारा कंडेन्सर घरपोच मिळतो. माझ्या खिशात होताही. तो खिशातच ठेवून मी झाकण लावलं आणि हत्यारं पिशवीत भरली.

"निगाला का काका?" रेखा म्हणाली. "तसंच नका जाऊ. हात लावून पाया पडा की. आबांचं हाय ते."

मी चपला काढल्या, वाकलो, आणि यंत्राच्या पाया पडलो.